कुलाबा ते रायगड : कमांड लाइनवरून मजकूर-फाइलीतील नोंदी बदलताना

अंबा नदी ज्या खाडीतून मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते, ती धरमतरची खाडी. पेणहून वडखळमार्गे अलिबागकडे जाणारा रस्ता याच खाडीवरील पुलावरून जातो. एकेकाळी मुंबईहून बोटीने निघालेले उतारू धरमतरच्या धक्क्यावर उतरून पेण, महाडकडे रवाना होत. आज डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून या खाडीत येतो. काळ बदलला, तशी या परिसराची कागदोपत्री ओळखही बदलली. जुन्या कागदपत्रांत धरमतर, पेण आणि रोहा यांच्या नावापुढे जिल्हा म्हणून 'कुलाबा' असे लिहिलेले आढळते. १९८१ साली या जिल्ह्याचे नाव 'रायगड' झाले.

नोंदवहीतील असा बदल कारकून शाईने करीत असे. जुन्या शब्दावर रेघ ओढली जाई आणि वर नवा शब्द लिहिला जाई. रेघेखालचा जुना शब्द वाचता येत असे, त्यामुळे चूक झालीच तर ती उमगत असे. संगणकातील यादीत हेच काम एका ओळीच्या आज्ञेने होते. हजारो नोंदी क्षणार्धात बदलतात. मात्र जुना शब्द तेथे मागमूसही ठेवीत नाही. या सोयीचे सामर्थ्य आणि तिचा धोका या एकाच गोष्टीत आहे. म्हणून कमांड लाइनवरून मजकूर बदलण्याचे तंत्र समजून घेताना, बदल कसा करावा याबरोबरच तो कोठे करू नये हेही समजून घ्यावे लागते.

साधा मजकूर म्हणजे काय?

ज्या फाइलीत केवळ अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि ओळींचे शेवट साठवलेले असतात, अक्षरांचा आकार, रंग वा मांडणी यांची माहिती नसते, तिला साधी मजकूर-फाईल म्हणतात. अशी फाईल उघडण्यास विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर लागत नाही. संगणकाच्या सर्व्हरवरील कार्यक्रमांच्या सेटिंग्ज, स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या याद्या, वेधशाळांतील उपकरणांची मापने, या सर्व गोष्टी बहुधा याच स्वरूपात ठेवल्या जातात.

सेटिंग्जच्या फाइलीत एका ओळीवर एक नोंद असते. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे मूल्य. उदाहरणार्थ, 'ठिकाण=धरमतर', 'जिल्हा=कुलाबा', 'अक्षांश=१८.७'. यादीच्या फाइलीत हीच माहिती एका ओळीत, रकान्यारकान्यांत मांडलेली असते. मूल्य बदलणे म्हणजे योग्य ओळ शोधून तिच्यातील नेमका भाग पालटणे.

एकच फाईल असेल तर ती उघडून हाताने दुरुस्त करणे केव्हाही सोपे. पण फाइली शेकड्यांनी असल्या, किंवा त्या दूरच्या सर्व्हरवर असल्या, तर खिडक्या आणि माऊस यांचा उपयोग उरत नाही. तेथे कमांड लाइन, म्हणजे टंकलिखित आज्ञा देण्याची ओळ, कामास येते. तिचा आणखी एक लाभ असा की, दिलेली आज्ञा जपून ठेवता येते. काय बदलले याचा तोच लेखी पुरावा ठरतो.

एड, सेड आणि ऑक

या साधनांचा उगम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, युनिक्स या कार्यप्रणालीच्या जन्मकाळात आहे. केन थॉम्पसन यांनी १९६९च्या सुमारास 'एड' हा संपादक लिहिला. त्या काळी पडद्याऐवजी कागदावर छापणारे टंकयंत्र संगणकाला जोडलेले असे. त्यामुळे संपूर्ण मजकूर समोर ठेवून दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. 'अमुक ओळीतील अमुक शब्दाच्या जागी तमुक शब्द घाल' अशी आज्ञा द्यावी लागे. या अडचणीतूनच शोध आणि बदल यांची एक आटोपशीर भाषा घडली.

तिच्यातील शोधाचा भाग स्वतंत्र होऊन 'ग्रेप' हे साधन तयार झाले. ब्रायन कर्निगन यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, ली मॅकमहॉन यांना 'फेडरालिस्ट पेपर्स' या अमेरिकी निबंधमालेतील मजकुराचा अभ्यास करावयाचा होता आणि तो मजकूर 'एड'च्या आवाक्यात बसत नव्हता. त्यासाठी थॉम्पसन यांनी ग्रेप वेगळे काढून दिले. पुढे १९७३-७४ मध्ये मॅकमहॉन यांनीच 'सेड' लिहिले. सेड म्हणजे प्रवाही संपादक. मजकूर एका बाजूने आत येतो, प्रत्येक ओळीवर ठरलेली आज्ञा चालते आणि बदललेला मजकूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. १९७७ मध्ये आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी 'ऑक' सिद्ध केले. त्यांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच हे नाव पडले. ऑक ओळीचे रकाने ओळखते, त्यामुळे यादी आणि आकडे यांसाठी ते अधिक सोयीचे आहे.

अर्धशतक उलटले तरी ही साधने लिनक्स आणि मॅक यांच्या बहुतेक संगणकांवर आजही उपलब्ध आहेत.

आज्ञेची घडण

सेडच्या बदलाच्या आज्ञेचे चार भाग असतात. आरंभी 'एस' हे इंग्रजी अक्षर, मग तिरक्या रेघांमध्ये जुना शब्द आणि नवा शब्द, शेवटी आवश्यक तर 'जी' हे अक्षर. देवनागरीत लिहून दाखवायचे तर आज्ञेचे रूप असे होईल : एस/कुलाबा/रायगड/जी. शेवटचा 'जी' नसेल तर प्रत्येक ओळीतील पहिलाच 'कुलाबा' बदलतो, बाकीचे तसेच राहतात. ही बाब नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि अर्धवट बदललेली फाईल पुढे जाते.

जुन्या शब्दाच्या जागी नमुनाही देता येतो. त्यात काही चिन्हांना विशेष अर्थ असतो. टोपीसारखे चिन्ह ओळीचा आरंभ दाखवते, डॉलरचे चिन्ह ओळीचा शेवट, तर बिंदू म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. धरमतरचा अक्षांश शोधण्यासाठी '१८.७' असे लिहिले, तर '१८५७' हे सालही त्यात सापडते, कारण बिंदूच्या जागी ५ हा अंक चालून जातो. बिंदू हा बिंदूच समजला जावा यासाठी त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

सेडचा निकाल पडद्यावर येतो. मूळ फाईल जशीच्या तशी राहते. ही सुरक्षितता अनेकांना अडचण वाटते आणि निकाल परत त्याच फाइलीत वळवण्याचा मोह होतो. तसे केले की फाईल रिकामी होते. कारण आज्ञा सुरू होण्यापूर्वीच कमांड लाइन निकालासाठी ती फाईल पुसून कोरी करते आणि सेडला वाचण्यास काही उरत नाही. निकाल नव्या नावाच्या फाइलीत घ्यावा आणि तपासल्यावरच तिला जुने नाव द्यावे, हा राजमार्ग होय.

जागच्या जागी बदल करण्यासाठी सेडला 'हायफन-आय' हा पर्याय आहे. त्याला जोडून शेपटीदाखल एखादा शब्द दिला, तर मूळ फाइलीची प्रत त्या शेपटीसह जपली जाते. लिनक्सवर ही शेपटी ऐच्छिक असते. मॅकवरील सेडला मात्र ती रिकामी का होईना, पण द्यावीच लागते. एका संगणकावर चाललेली आज्ञा दुसऱ्यावर अडते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

एक शब्द, अनेक कुलाबे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एस/कुलाबा/रायगड/जी ही आज्ञा व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे. ती चालवल्यावर धरमतर, पेण, रोहा यांच्यापुढे 'रायगड' येईल. पण त्याच फाइलीत आणखी काय असू शकते?

मुंबईच्या दक्षिण टोकाचा भागही कुलाबाच, आणि त्या नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. तो रायगडात जाईल. अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे, 'रायगड किल्ला' होईल. आणि रायगड किल्ला तर महाडजवळ, सह्याद्रीच्या डोंगरात आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटियरचे नाव बदलेल. एखाद्या ग्रंथाचे नाव हे त्याच्या प्रकाशनाच्या वेळी जे होते तेच राहते. जिल्ह्याच्या नामांतराने ते पालटत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण लोकसभेचे आहे. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, तरी लोकसभेचा मतदारसंघ २००४च्या निवडणुकीपर्यंत 'कुलाबा' याच नावाचा होता. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये प्रथमच 'रायगड' मतदारसंघातून निवडणूक झाली. म्हणजे १९९१च्या निवडणुकीच्या एकाच नोंदीत जिल्हा 'रायगड' आणि मतदारसंघ 'कुलाबा' असणे हेच शुद्ध. सरसकट बदलाने ती नोंद अशुद्ध होते.

नामांतराच्या बाबतीत हा अनुभव इतरत्रही येतो. १९९५ मध्ये 'बॉम्बे'चे मुंबई झाले, पण पवई येथील आयआयटीच्या आणि उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावांत 'बॉम्बे' कायम आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, परंतु शेळीची 'उस्मानाबादी' ही जात त्याच नावाने ओळखली जाते. सरसकट आज्ञा तिला 'धाराशिवी' करून टाकील. त्याच वर्षी औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे.

म्हणून आज्ञेला बंधन घालावे लागते. सेटिंग्जच्या फाइलीत 'ज्या ओळीचा आरंभ जिल्हा= असा आहे, त्याच ओळीत बदल कर' असे सेडला सांगता येते. रकान्यांच्या यादीत ऑकला 'तिसरा रकाना तंतोतंत कुलाबा असेल, तरच तो रायगड कर' अशी अट घालता येते. या अटीमुळे किल्ला, मतदारसंघ आणि ग्रंथनाम सुरक्षित राहतात. शब्दाऐवजी जागा पाहून बदल करणे, हे या कलेतील पहिले तत्त्व मानता येईल.

उलटी वाट नाही

चूक झालीच तर आज्ञा उलटी चालवावी, रायगडचे पुन्हा कुलाबा करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फाइलीत आधीपासूनच रायगड किल्ल्याचा उल्लेख असेल, तर उलट आज्ञा त्यालाही कुलाबा करील. कोणता रायगड मूळचा आणि कोणता नव्याने आलेला, हे सांगणारी खूण फाइलीत उरलेलीच नसते. दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली गेल्या की त्यांना पुन्हा वेगळे करता येत नाही. मूळ प्रत हाच एकमेव उपाय.

अदलाबदलीतही हाच घोटाळा होतो. यादीत पेण आणि रोहा यांच्या नोंदी चुकून परस्परांच्या जागी पडल्या, असे समजू. प्रथम 'पेण'चे 'रोहा' केले, मग 'रोहा'चे 'पेण' केले, तर शेवटी सर्वत्र पेणच उरते. त्यासाठी फाइलीत कोठेही नसलेला तिसरा शब्द मध्यस्थ म्हणून घ्यावा लागतो. आधी पेणच्या जागी तो शब्द, मग रोहाच्या जागी पेण आणि शेवटी त्या शब्दाच्या जागी रोहा.

आज्ञा दोनदा चालली तर काय होईल, हेही पाहावे. मुंबईच्या रेल्वे स्थानकाला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. 'छत्रपती शिवाजी'च्या जागी 'छत्रपती शिवाजी महाराज' अशी आज्ञा दोनदा चालली, तर 'महाराज महाराज' होते. याउलट, 'जिल्हा= या चिन्हापुढे जे काही असेल ते काढून रायगड लिही' ही आज्ञा कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच राहतो. सर्व्हरवर आपोआप, वारंवार चालणाऱ्या आज्ञा अशाच असाव्यात.

मराठी मजकुराचे वेगळेपण

ही साधने इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घडली. मराठीत काही प्रश्न नव्याने उभे राहतात. पहिला प्रश्न विभक्तीचा. 'कुलाबा' शोधले तर 'कुलाब्याचा', 'कुलाब्यात' ही रूपे सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो. 'रोहा' शोधताना 'रोह्याला' निसटते, आणि उलट 'आरोहावरोह' या संगीतातील शब्दाच्या पोटात मात्र 'रोहा' सापडतो. 'धरमतर'ला 'धरमतरला', 'धरमतरच्या' असे सरळ प्रत्यय लागतात, म्हणून ते सोपे. इंग्रजी लिपीतील फाइलींत पेणची अडचण मोठी आहे. त्या गावाच्या स्पेलिंगची तीन अक्षरे 'ओपन' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये जशीच्या तशी असतात, आणि 'ओपन' हा शब्द सेटिंग्जच्या फाइलींत पदोपदी येतो.

दुसरा प्रश्न अक्षरांच्या साठवणीचा. २०००च्या दशकाच्या आरंभी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. त्या फाइलींत प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांचे क्रमांक साठवलेले असत आणि टंक त्यांना देवनागरीचे रूप देई. अशा फाइलीत 'धरमतर' शोधून सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करणे भाग आहे. युनिकोड साठवण्याची आज सर्वाधिक रूढ असलेली 'यूटीएफ-८' ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. एड लिहिणारे थॉम्पसन ते हेच. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'धरमतर' हा पाच अक्षरांचा शब्द पंधरा बाइटांचा होतो. 'पेण' डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण प, मात्रा आणि ण मिळून तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. जुने ऑक बाइट मोजत असल्याने त्याला धरमतरची लांबी पंधरा वाटे. २०२२ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असलेल्या कर्निगन यांनी स्वतः ऑकच्या मूळ आवृत्तीला युनिकोड शिकवले.

तिसरा प्रश्न अधिक फसवा आहे. 'किनाऱ्यावर' या शब्दातील 'ऱ्य' संगणकात तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त. साधा 'र', त्याखाली नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसू शकतात. शोध मात्र चिन्हांचे क्रमांक जुळवतो, म्हणून डोळ्यांसमोर असलेला शब्दही ग्रेपला सापडत नाही. अशा वेळी सर्व मजकूर आधी एका रूपात आणावा लागतो.

अंकांचेही तसेच. शून्य ते नऊ यांसाठी दिलेला इंग्रजी अंकांचा नमुना '१९८१' हे देवनागरीतील साल ओळखत नाही. शिवाय विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा चिन्ह असते. 'ओळीच्या शेवटी रायगड' असा शोध त्यामुळे फसतो आणि कारण दिसत नाही.

अलिबागच्या वेधशाळेचा धडा

नावाची चूक वाचणाऱ्याच्या लक्षात तरी येते. आकड्याची चूक सहज लपते. धरमतरचा पूल ओलांडून अलिबागला गेले की तेथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा आहे, आणि तिचा इतिहास या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून होत होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने मापने बिघडतील, हे तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले आणि अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ मध्ये तेथे मापने सुरू झाली. मात्र कुलाब्याची मापने लगेच थांबली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक नेमका कळावा. त्यामुळेच कुलाबा-अलिबाग ही नोंदींची मालिका जगातील सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक म्हणून विश्वासाने वापरली जाते.

१ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सौरवादळामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघाले. कुलाब्याच्या नोंदींत क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट दिसते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे इतर संशोधकांनी त्याच आकड्यांची तासाची सरासरी काढून घट बरीच कमी भरते असे दाखवले. हा वाद होऊ शकला, कारण मूळ आकडे जसे घेतले तसे राहिले होते. कोणी ते मधल्या काळात 'सुधारून' ठेवले असते, तर तपासण्यासारखे काही उरले नसते.

अशा वेधशाळांचे आकडे आज साध्या मजकूर-फाइलींत देवाणघेवाणीसाठी ठेवले जातात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय रचनेत प्रत्येक ओळ ७० चिन्हांची असते आणि प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असते. उपकरण बंद असल्याने मापन मिळाले नाही, तर तेथे ९९९९९.०० असे लिहिण्याचा संकेत आहे. हे मूल्य नव्हे, 'मूल्य नाही' असे सांगणारी खूण आहे. कोणी हे ९९९९९ चुकीचे समजून एका आज्ञेने सर्वत्र शून्य केले, तर काय होईल?

अलिबागजवळ क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. तासातील ६० मिनिटांपैकी एकच मिनिट रिकामे असेल आणि तेथे शून्य पडले, तर तासाची सरासरी सुमारे ३७,३६७ येते, म्हणजे ६३३ नॅनोटेस्लांची घट. मार्च १९८९च्या ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत अंधारात गेला, त्याचा निर्देशांक उणे ५८९ होता. म्हणजे एका मिनिटाच्या रिकाम्या जागेत चुकीचा शून्य पडल्याने, प्रत्यक्षात न आलेले एक महावादळ कागदावर उभे राहते. खूण तशीच ठेवून सरासरी काढली तरी ती सुमारे ३९,०३३ भरते आणि क्षेत्र हजारावर वाढल्याचा भास होतो. योग्य मार्ग एकच. फाईल न बदलता ऑकला 'ही खूण असलेली ओळ वगळून सरासरी काढ' असे सांगणे. शिवाय नवा आकडा लांबीने कमी असेल तर पुढचे रकाने सरकतात आणि जागा मोजून वाचणारे कार्यक्रम भलतेच अंक उचलतात, तो धोका वेगळाच.

कामाचा क्रम

या सर्वांतून निघणारी रीत साधी आहे. प्रथम ग्रेपने शोधून किती ओळी सापडतात ते मोजावे आणि त्यातील काही डोळ्यांखालून घालाव्यात. ज्या नोंदी बदलू नयेत त्या येथेच लक्षात येतात. मग मूळ फाइलीची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. त्यानंतर शब्दाऐवजी ओळ किंवा रकाना यांचे बंधन घालून आज्ञा लिहावी आणि निकाल नव्या फाइलीत घ्यावा.

पुढची पायरी तुलनेची. १९७४ मध्ये युनिक्समध्ये आलेले 'डिफ' हे साधन दोन फाइलींतील वेगळ्या ओळी समोरासमोर ठेवते. ग्रेपने मोजलेल्या ओळींपैकी जितक्या बदलायच्या होत्या, तितक्याच डिफने दाखवल्या पाहिजेत. एकही कमी वा अधिक असेल, तर थांबून कारण शोधावे. अनेक जण एकत्र काम करीत असतील, तर लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट'सारख्या व्यवस्थेत प्रत्येक बदल, त्याची तारीख आणि त्याचे कारण नोंदले जाते. कारकुनाच्या रेघेखालचा जुना शब्द जसा वाचता येत असे, तसा येथे प्रत्येक जुना आकडा वाचता येतो.

मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग येथील मापने दोन वर्षे शेजारी शेजारी चालू ठेवली, तेव्हा संगणक नव्हता. नवे मूल्य स्वीकारण्यापूर्वी जुन्याशी त्याचा मेळ घालावा आणि मेळ बसेपर्यंत जुने टाकू नये, ही त्यामागील दृष्टी मात्र आजच्या एका ओळीच्या आज्ञेलाही तितकीच लागू पडते. बदलाला क्षण लागतो म्हणून तपासणीलाही क्षणच द्यावा, असे नाही. धरमतरपुढे 'रायगड' लिहिताना अलिबागचा किल्ला कुलाबाच राहील, एवढी काळजी आज्ञा देणाऱ्यालाच घ्यावी लागते. ती संगणक घेत नाही.